वारसाची बंदूक : ओळख आणि मोल

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, सुताराची करवत ही सारी त्या दिवशी पाटावर मांडली जातात आणि ज्या घरी परवान्याची बंदूक असेल तेथे तिलाही त्या रांगेत मानाची जागा मिळते. वर्षातून एकदा खोळीतून बाहेर निघणाऱ्या अशा जुन्या विलायती बंदुकीबरोबर सहसा एक कथाही वारशाने येते. पणजोबांनी वाघाच्या शिकारीत कोणा साहेबाचा जीव वाचविला आणि साहेबाने प्रसन्न होऊन आपली अस्सल लंडनची दुनळी त्यांना बक्षीस दिली, हे त्या कथेचे सर्वांत आवडते रूप. कथेतला साहेब कधी कलेक्टर असतो, कधी जंगलखात्याचा अधिकारी, तर कधी रेल्वेचा इंजिनिअर. बंदूक मात्र नेहमीच लंडनची असते.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कुंभारवाडा आणि त्याच्या भोवतालची रानात विखुरलेली गावे हा अशा कथांना पोषक असलेला मुलूख आहे. दाट अरण्य, रानडुक्कर-सांबरांपासून राखावी लागणारी शेती आणि दीडशे वर्षांचा जंगलखात्याचा शेजार यांमुळे बंदूक ही येथे केवळ दिवाणखान्याची शोभा कधीच नव्हती. घरातले वडील माणूस गेले, बंदूक मुलाच्या किंवा नातवाच्या हाती आली, की तीन प्रश्न एकदमच उभे राहतात. ही बंदूक खरोखर कुठली? तिचे मोल किती? आणि ती आता ठेवावी कशी? या प्रश्नांची उत्तरे घरच्या कथेत क्वचितच सापडतात. ती सापडतात बंदुकीच्या अंगावर आणि तिच्या कागदांत. जुन्या हस्तलिखित पोथीचा अभ्यासक जसा प्रथम शेवटचे पान उलटून लेखकाचे नाव, गाव आणि शक सांगणारी पुष्पिका शोधतो, तसेच बंदुकीच्या जाणकाराला नळीच्या पोटाखाली पाहावे लागते. तिची पुष्पिका तेथे कोरलेली असते.

मुलूख आणि परवाना

टिपू सुलतानाच्या पाडावानंतर १७९९ साली कॅनरा प्रांत कंपनी सरकारकडे आला व मद्रास इलाख्यास जोडला गेला. १८६२ साली त्याचा उत्तर भाग मुंबई इलाख्यात घालण्यात आला आणि पुढे सुमारे शतकभर कारवारचा कारभार मुंबईहून चालला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. हा राजकीय आणि भौगोलिक उलथापालथीचा इतिहास बंदुकीच्या संदर्भात सांगण्याचे कारण असे, की एकाच बंदुकीचे कागद दोन-तीन राजवटींच्या नमुन्यांवर विखुरलेले असू शकतात. जुना परवाना मुंबई सरकारचा, नूतनीकरण म्हैसूर सरकारचे आणि अलीकडचा शिक्का कर्नाटक सरकारचा, असे दप्तर दिसले तर त्यात संशयाचे कारण नाही.

परवाना हा बंदुकीच्या इतिहासातील पहिला साक्षीदार होय. १८५७च्या उठावानंतर सरकारने ठिकठिकाणी लोकांची शस्त्रे काढून घेतली. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे हा सर्वसाधारण हिंदी माणसाच्या बाबतीत गुन्हा ठरला. युरोपियन आणि युरेशियन लोकांना मात्र त्यातून मोकळीक होती. हा भेद सुशिक्षितांच्या मनाला इतका लागला, की राष्ट्रीय सभेने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. वंशावर आधारलेली ही सवलत पुढे १९२०च्या सुमारास नियमांतून गेली. त्यामुळे १८७८ नंतर कोणा साहेबाने हिंदी गृहस्थास बंदूक भेट दिली असेल, तर त्या भेटीमागोमाग परवाना येणे क्रमप्राप्त होते. विशेष सूट मिळालेले संस्थानिक व मानकरी सोडले, तर भेटीची कथा आहे आणि परवान्याचा मागमूस नाही अशा ठिकाणी संशोधकाने सावध व्हावे.

परवान्यावरून आणखी एक गोष्ट कळते. शेतकऱ्याच्या हाती असे ती ठासणीची बंदूक. तोंडातून दारू आणि छर्रे भरायचे, गजाने ठासायचे, केप लावायची आणि बार काढायचा, एवढेच तिचे तंत्र. मधोमध मोडून काडतूस घालायची विलायती दुनळी महाग असल्यामुळे ती इनामदार, पाटील, व्यापारी, लाकडाचे ठेकेदार आणि अधिकारी यांच्या घरी दिसे. दोहोंतील हा भेद कायद्यानेही मानला आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. काडतूस हा आपला नेहमीचा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’वरून आलेला आहे, हे येथे आठवण्याजोगे आहे. ज्या तालुक्याची पश्चिम सीमा गोव्याला भिडते त्या तालुक्यात या शब्दाचे मूळ फार दूर शोधावे लागत नाही.

नाव एकाचे, कारखाना दुसऱ्याचा

जुन्या बंदुकीच्या बाबतीत पहिली फसगत नावाने होते. नळ्यांच्या मधल्या पट्टीवर सोन्याच्या किंवा कोरीव अक्षरांत जे नाव असते ते पुष्कळदा विक्रेत्याचे असते. कलकत्त्याची मँटन आणि रॉडा ही दुकाने सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध होती. १९१४च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी ज्या पेढीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले पळविली, ती ही रॉडा कंपनीच. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही या सहकारी भांडाराने १८९१ साली मुंबईस शाखा उघडली आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या संसाराला लागणारी हरतऱ्हेची वस्तू तेथे मिळू लागली, बंदुकाही मिळत. याच सुमारास, १८८८च्या आसपास, मुरगावहून कॅसलरॉकपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि सुप्याच्या जंगलाच्या उंबरठ्याशी परदेशी माल सहज पोचू लागला. परंतु आर्मी अँड नेव्हीचा स्वतःचा बंदुकीचा कारखाना नव्हता. तिच्या नावाच्या अनेक बंदुका बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटसारख्या कारखान्यांत तयार होत. तेव्हा पट्टीवर ‘लंडन’ हा शब्द असणे आणि बंदूक लंडनला बनलेली असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरी फसगत अधिक गंभीर. बेल्जमच्या लीएज शहरात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत बंदुकीचा धंदा घराघरांत चाले. कोणी नळ्या घडवी, कोणी कळ बसवी, कोणी दस्ता घासून देई. तेथून निघणारा माल स्वस्त असे आणि तो जगभर जाई. ग्राहकाला इंग्रजी नावाचे आकर्षण आहे हे ओळखून त्यांतील पुष्कळ बंदुकांवर इंग्रजी वळणाची नावे कोरली जात. बर्मिंगहॅमच्या ‘वेस्टली रिचर्ड्स’ या नामवंत पेढीची आठवण करून देणारे ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ हे नाव अशा स्वस्त बंदुकांवर वारंवार दिसते. मँटनच्या नावाचाही असाच उपयोग झाला. इंग्लंडात १८८७ साली आणि हिंदुस्थानात १८८९ साली व्यापारी चिन्हांविषयीचे कायदे झाले, ते अशाच प्रकारांना आळा घालण्यासाठी. एकंदरीत, नावाने सुरुवात करावी. निर्णय मात्र नावावर देऊ नये.

नळीखालची पुष्पिका

निर्णय द्यायचा तो परीक्षेच्या शिक्क्यांवर. युरोपातील बहुतेक शस्त्रनिर्मात्या देशांत नवी नळी बाजारात येण्यापूर्वी तिची सरकारमान्य परीक्षा होई. नेहमीच्या मानाने पुष्कळ अधिक दारू भरून बार काढला जाई. नळी फुटली नाही, फुगली नाही, तर तिच्यावर शिक्का बसे. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ साली सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३च्या कायद्याने स्थापन झाले. लीएज येथे तर १६७२ सालीच अशी व्यवस्था होती. हे शिक्के पाहण्यासाठी नळीखालचा लाकडी भाग काढून नळ्या दस्त्यापासून सुट्या कराव्या लागतात. मग नळ्यांच्या सपाट पोटावर बारीक अक्षरे आणि मुकुट दिसू लागतात.

लंडनच्या शिक्क्यांत मुकुटाखाली ‘जीपी’ व ‘व्ही’ ही रोमन अक्षरे ओळखू येतात. बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यांत एकमेकांना छेदणारे दोन राजदंड असतात. १९०४ नंतर मुकुटाखाली ‘बीपी’, ‘बीव्ही’ आणि ‘एनपी’ ही अक्षरे येतात. यांतील ‘एनपी’ हा शिक्का सर्वांत महत्त्वाचा, कारण तो धूरहीन दारूची परीक्षा झाल्याचे दर्शवितो. नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरे असतील, म्हणजे या नळीतून एकेरी गोळी उडवू नये अशी सूचना असेल, तर तिची परीक्षा १८७५ ते १८८७ या काळात झालेली असते. नळीचे तोंड किंचित आवळण्याची पद्धत तेव्हा नवी होती आणि त्या आवळलेल्या तोंडातून गोळी काढणे धोक्याचे होते. १८८७पासून शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीत १२ हा आकडा व ‘सी’ हे अक्षर दिसू लागते. एका शब्दावरून अथवा एका चौकटीवरून बंदुकीचे वय दहा-बारा वर्षांच्या आत आणता येते, हे या शिक्क्यांचे वैशिष्ट्य.

लीएजची खूण याहून सोपी आहे. लंबवर्तुळात ‘ईएलजी’ ही तीन अक्षरे आणि त्यांखाली तारा. या लंबवर्तुळावर मुकुट असेल तर परीक्षा १८९३ किंवा त्यानंतरची. त्यासोबत लीएज शहरातील ‘पेराँ’ या प्रसिद्ध स्तंभाची छोटी आकृतीही असते. धूरहीन दारूची परीक्षा झाली असल्यास सिंह आणि ‘पीव्ही’ ही अक्षरे. हा शिक्का १८९८पासूनचा. १९२२पासून लीएजने वर्षदर्शक अक्षरेही सुरू केली. जर्मनीत अशी परीक्षा १८९१च्या कायद्याने सक्तीची झाली व तेथील शिक्क्यांत गरुड आणि मुकुट दिसतात.

आता आरंभी सांगितलेल्या कथेकडे पुन्हा पाहता येईल. समजा, बंदुकीच्या पट्टीवर इंग्रजी नाव आणि ‘लंडन’ हा शब्द आहे. घरची कथा सांगते की ती सत्तावन सालच्या धामधुमीत साहेबाने दिली. नळ्या काढून पाहिल्या तर पोटावर मुकुटासह ‘ईएलजी’चे लंबवर्तुळ. एवढ्या एका खुणेने तिन्ही विधाने निकालात निघतात. बंदूक बेल्जमची आहे, ती १८९३ पूर्वीची नाही आणि पट्टीवरचे नाव दिखाऊ आहे. कथा खोटी म्हणून टाकून द्यावी असा याचा अर्थ नव्हे. ती कदाचित घरातल्या आधीच्या एखाद्या ठासणीच्या बंदुकीची असेल आणि ती बंदूक गेल्यावर नव्या बंदुकीला चिकटली असेल. वस्तू बदलली तरी कथा घर सोडत नाही, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांना नवा नाही.

यंत्र सांगते तो काळ

शिक्के झिजलेले असतील तर यंत्र बोलते. फ्रान्समधील कॅसिमिर लेफोशे याने १८३५ साली मधोमध मोडणाऱ्या बंदुकीचे पेटंट घेतले. तिच्या काडतुसाच्या बाजूस एक टाचणी असे व घोडा त्या टाचणीवर पडे. नळीच्या मागील कडेला वरच्या अंगास छोटी खाच दिसली तर ती या जातीची समजावी. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर ही रचना इंग्लंडात पसरली. १८६०नंतर मध्यभागी केप असलेली काडतुसे रूढ झाली आणि टाचणीची जात मागे पडली. बाहेर दोन घोडे असलेली, काडतुसाच्या मध्यावर टोला देणारी दुनळी बहुधा त्यानंतरच्या काळातील असते. १८७५ साली वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातील अ‍ॅन्सन आणि डीली यांनी घोडे पेटीच्या आत लपविणारी सुटसुटीत कळ शोधून काढली आणि पुढील शंभर वर्षे जगभरच्या कारखान्यांनी तिची नक्कल केली. तेव्हा बाहेरून घोडे न दिसणारी पेटीबंद दुनळी ‘सत्तावन सालची’ असू शकत नाही. मात्र उलट बाजूने सावधगिरी हवी. बाहेर घोडे असलेल्या स्वस्त बंदुका विसाव्या शतकातही पुष्कळ वर्षे बनत राहिल्या. यंत्रावरून ‘याच्या आधीची नाही’ असे सांगता येते. ‘याच्या नंतरची नाही’ असे सांगणे कठीण असते.

नळीवरील लाटांसारखी नक्षी पाहून अनेकजण हरखून जातात. तिला दमास्कस म्हणतात. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, सळईभोवती गुंडाळून ठोकून जोडल्या म्हणजे ही नक्षी उमटते. लीएजजवळील खेड्यांतील लोहार या कामात निष्णात होते. परंतु साध्या नळीवर आम्लाने तशी नक्षी छापण्याची युक्तीही त्यांना अवगत होती. खरी नक्षी नळीच्या पोटाखाली आणि झाकलेल्या भागातही चालू राहते. छापलेली नक्षी झिजेबरोबर पुसट होते. खरी असो वा खोटी, अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातील असतात. धूरहीन दारूचे आजचे काडतूस त्यांत घालणे म्हणजे जीवाशी खेळ. जुन्या बाराबोर बंदुकांचे काडतुसाचे घर अडीच इंचांचे असते आणि आजची काडतुसे बहुधा पावणेतीन इंचांची, हे दुसरे संकट. काडतूस आत बसते म्हणून ते त्या बंदुकीचे आहे असे समजू नये. बाराबोर हा शब्दसुद्धा वजनावरून आला आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसते ती बाराबोर. तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर.

ठासणीच्या बंदुकीबाबत एक इशारा जुने जाणकार आवर्जून देतात. ती भरलेलीच खुंटीला टांगून ठेवण्याची सवय पूर्वी सर्रास होती. म्हणून हाताळण्याआधी, तोंड सुरक्षित दिशेला वळवून आणि आपण बाजूला राहून, गज नळीत हलकेच सोडावा व तोंडाशी खूण करावी. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. खूण तोंडाशी धरली असता गजाचे टोक नळीच्या मागील बुडापर्यंत पोचले नाही, तर आत काहीतरी आहे. अशी बंदूक घरी उकरू नये; ती जाणकाराकडेच सोपवावी.

मोल तीन प्रकारचे

बंदूक ओळखली की मोलाचा प्रश्न येतो. येथे बाजाराचे मोल, वापराचे मोल आणि इतिहासाचे मोल हे तीन हिशेब वेगळे ठेवावे लागतात, कारण ते एकाच दिशेने जात नाहीत.

परदेशी संग्राहक प्रथम कारखाना पाहतो. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, बॉस या लंडनच्या पेढ्यांच्या उत्तम बंदुकांना लिलावात फार मोठी किंमत येते, तर लीएजच्या घोड्यांच्या साध्या दुनळ्यांना तुलनेने अल्प. मग प्रकृती पाहिली जाते. नळीचे अंतरंग गंजाने खाल्ले आहे काय, पत्रा किती जाड उरला आहे (०.०२० इंचाखाली गेला की जाणकार चिंतित होतात), नळ्या यंत्राशी घट्ट बसतात की खुळखुळतात, दस्ता मूळचा आहे की गावच्या सुताराने बसविलेला. सुट्या नळ्या बोटावर टांगून हलकी टिचकी मारली असता घंटेसारखा नाद आला तर मधल्या पट्ट्यांचे जोड शाबूत आहेत. नाद बद्द आला तर सांधे सुटले आहेत. जुनी पेटी आणि अनुक्रमांक जुळणारी कारखान्याची नोंद असेल, तर मोल वाढते. आणि येथेच पुष्कळ घरांत नकळत नुकसान होते. सणासुदीला चकचकीत दिसावी म्हणून बंदूक वाळूकागदाने घासली जाते किंवा नळीला नवा मुलामा दिला जातो. त्यात शिक्के, कोरीव काम आणि मूळची झिलई तिन्ही जातात. पावसाळी मुलखात गंज हा खरा शत्रू. त्यावर पातळ तेल आणि कोरडी हवा हाच उपाय. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक वर्षानुवर्षे बंद ठेवली तर खोळच ओल धरते.

भारतातील वापराचे मोल वेगळ्याच कारणाने ठरते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकास परदेशी बंदूक आयात करणे जवळजवळ अशक्य झाले. परिणामी पूर्वी देशात आलेली, धूरहीन दारूची परीक्षा झालेली, चालू स्थितीतील साधी विलायती दुनळी येथे तिच्या मायदेशापेक्षा अधिक मोलाची ठरू शकते. याउलट संग्राहकाच्या दृष्टीने सुंदर अशी दमास्कस नळ्यांची बंदूक येथील परवानाधारकास निरुपयोगी वाटते. तिला परदेशात गिऱ्हाईक असेल म्हणून पाठवावी, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आड येतो; शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर पाठविता येत नाही. तेव्हा परदेशी लिलावाच्या किमती वाचून घरच्या बंदुकीचे मोल ठरविणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी मोजणे होय.

उरते इतिहासाचे मोल. ते कारखान्यावर फारसे अवलंबून नाही. लीएजची सामान्य दुनळी, तिचा मुंबई सरकारच्या काळातील परवाना, काडतुसांच्या खरेदीच्या नोंदी आणि वेळोवेळी पडलेले शिक्के हे सारे एकत्र असेल, तर त्यातून एका अरण्यमय तालुक्यातील सत्ता, शेती आणि शिकार यांचे संबंध उलगडतात. कागदांवाचून तीच बंदूक जुन्या बाजारातले लोखंड ठरते.

कायद्याची वाट

बंदूक वारशाने मिळते. परवाना वारशाने मिळत नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाने बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करावी, असे १९५९च्या कायद्याचे २१वे कलम सांगते. मग वारसाने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६च्या नियमांतील २५व्या नियमात वारसांसाठी तशी तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली असेल, तर त्याच्या हयातीतही वारसास परवाना मागता येतो. वृद्ध परवानाधारकांच्या घरांनी ही सोय अवश्य लक्षात ठेवावी. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस दोनच बंदुकांची मर्यादा घातली आणि ती वारशाच्या बंदुकांनाही लागू आहे. विकायची झाल्यास परवानाधारक गिऱ्हाइकालाच विकता येते व त्यापूर्वी किमान ४५ दिवस जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवावे लागते.

पुराणवस्तू आहे म्हणून परवाना नको, असा एक समज आहे. ४५व्या कलमातील सवलत फार अरुंद आहे. शस्त्र कालबाह्य, पुरावस्तू म्हणून मोलाचे किंवा नादुरुस्त असावे, आणि ते दुरुस्त करून वा न करता कशाही प्रकारे उडविता येण्याजोगे नसावे. केप लावली की उडणारी शंभर वर्षांची ठासणीची बंदूक या सवलतीत बसत नाही. कुंभारवाड्याच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. दांडेलीचे अभयारण्य १९५६चे. अणशीसह त्याचा व्याघ्र प्रकल्प २००७ साली झाला व २०१५ साली त्यास काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. कुंभारवाडा हे त्यातील एक वनपरिक्षेत्रही आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३४व्या कलमानुसार अभयारण्यात व त्याच्या दहा किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या परवानाधारकांना आपली नोंद करावी लागते आणि तेथे नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. ज्या बंदुकीने पूर्वी रान राखले तिच्यावर आता रानाचेच रक्षक लक्ष ठेवतात. वाघ-गव्यांचे अस्तित्व टिकवायचे तर हे निर्बंध रास्तच म्हणावे लागतील.

परंतु याच वाटेवर एक हानी दडलेली आहे. जमा केलेली बंदूक ठरलेल्या मुदतीत परत घेतली नाही किंवा विकली नाही, तर ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सरकारजमा होऊ शकते. वारस नोकरीसाठी बेळगाव, पुणे, मुंबईकडे गेलेले, कागद कुठल्या पेटीत आहेत ते कोणास ठाऊक नाही, अर्जाचा पाठपुरावा करायला वेळ नाही, अशा वेळी मुदत निघून जाते. बंदूक जाते आणि तिच्याबरोबर घरचा एक दस्तऐवज जातो.

घरचे दप्तर

बंदूक राहो वा जावो, तिची ओळख राखणे घरच्यांच्या हातात आहे. जमा करण्यापूर्वी, अथवा ती जमा असेल तर अधिकाऱ्यांच्या परवानगीने, परवानाधारक बंदूक-कारागिराकडून नळ्या सुट्या करवून घ्याव्यात. शिक्के, अनुक्रमांक, पट्टीवरील अक्षरे आणि कोरीव काम यांची छायाचित्रे घ्यावीत. नळ्यांची लांबी मोजावी. जुने परवाने, काडतुसांच्या नोंदी, पावत्या यांच्या प्रती करून ठेवाव्यात. आणि घरची कथा जशी सांगितली जाते तशीच, सांगणाऱ्याच्या नावासह, स्वतंत्र कागदावर लिहावी. कथा आणि शिक्के एकमेकांशी जुळत नसतील तर दोन्ही तसेच ठेवावेत. कथेसाठी शिक्का घासू नये आणि शिक्क्यासाठी कथा फेकू नये. ज्यांना बंदूक घरी ठेवायची नाही त्यांना वस्तुसंग्रहालयांकडे विचारणा करता येते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालय येथे जुनी शस्त्रे जतन केलेली आहेत. कोणतेही संग्रहालय वस्तूबरोबर तिचा इतिहास मागते आणि तो देणे घरच्यांनाच शक्य असते.

या कामी ग्रंथालयाचे साहाय्य मोठे आहे. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई गॅझेटियरचा कॅनराविषयीचा १८८३चा खंड सुप्याच्या जंगलांची व लोकांची त्या काळची माहिती देतो. बर्मिंगहॅमचे बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यांचा १८८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला, बंदूक आणि तिचा विकास या विषयावरील ग्रंथ आजही जाणकार चाळतात. ग्रंथालयाच्या स्थानिक इतिहासाच्या कपाटात या ग्रंथांशेजारी एखाद्या घरच्या बंदुकीच्या टिपणाची, छायाचित्रांची आणि परवान्याच्या प्रतींची फाईल ठेवली गेली, तर काळी नदीच्या खोऱ्याच्या इतिहासात एका अस्सल साधनाची भर पडेल. सुपा गाव पाण्याखाली गेले. त्याबरोबर किती घरांची दप्तरे गेली याचा हिशेब आता होणार नाही. जे पाण्यावर राहिले आहे ते तरी वाचून घ्यावे. पुढच्या खंडेनवमीला बंदूक पाटावर असो वा नसो, ती कुठली होती, कोणाची होती आणि तिच्या नळीखाली काय लिहिले होते, हे सांगणारा कागद घरात असावा.